हात इथे, रेघ तिथे

शामकलाच्या गुडघ्यांनी हार मानली ती नेमकी महालाच्या दुसऱ्या मजल्यावर.

महाल खरा नव्हे, नाटकाच्या पडद्यावरचा. गेल्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. केशोरीतल्या घराच्या अंगणात मांजरपाटाचं लांबरुंद कापड अंथरलेलं होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने विटा ठेवल्या होत्या, आणि शामकला बांबूच्या टोकाला बांधलेल्या ब्रशाने सज्जाचे खांब ओढत होती. एकाएकी उजव्या गुडघ्यात अशी कळ आली, की ती ओल्या निळ्या रंगातच बसली. बसली ती उठेना. शेवटी शेजारच्या धुरपताबाईने काखेत हात घालून तिला उभी केली आणि तिच्या पातळाकडे बघून म्हणाली, "महाल पडद्यावर कमी न् तुह्या पातळावर जास्त आला व बाई!"

ओसरीत बाजेवर बसलेला घनश्यामही हसला. लकवा झाल्यापासून त्याचं हसू तोंडाच्या एकाच बाजूने येई. शामकला मात्र हसली नाही. राग आला होता असं नव्हे. पण अलीकडे तिला हसण्याचेसुद्धा श्रम वाटू लागले होते.

नाटकाचा पडदा रंगवायला दोन माणसं लागतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कापड जमिनीवर पसरलेलं असतं आणि रंगवणारा त्या कापडावरच उभा असतो. पायाखाली अख्खा महाल, पण त्याला दिसते अर्धी खिडकी नाहीतर एखादी कमान. सगळं चित्र दिसतं ते उंचावरूनच. म्हणून एकाने खाली हात चालवायचा आणि दुसऱ्याने भिंतीला लावलेल्या शिडीवर चढून नजर धरायची. "डावीकडं घ्या... उतरवा... बस, आता सोडा सरळ." शामकला लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून घनश्याम कापडावर आणि ती शिडीवर, असाच दोघांचा संसार झाला. पदर खोचून ती वरून ओरडायची आणि तो निमूटपणे बांबू हलवायचा. नवऱ्याच्या डोक्यावर चढून हुकूम सोडणारी गावात ही एकच बाई, आणि ते ऐकणारा नवराही एकच, असं लोक म्हणत. घनश्याम म्हणे, "तुमच्या घरचे महाल कुठं उभे राहतात? माझा राहते."

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. उदारामच्या नाटक मंडळीच्या मागे जो महाल, जे जंगल, जी झोपडी आणि जे देऊळ दिसे, ते सगळं याच अंगणातून गेलेलं असे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, 'घनश्याम पेंटर, केशोरी'.

मग एका सकाळी घनश्यामच्या हातून चहाची कपबशी पडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. हात गेला तरी नजर शाबूत होती. पण ती नजर शिडीवर कशी चढणार? शामकलाने बांबू हातात घेतला आणि त्या वर्षापासून शिडी रिकामी राहिली. ओसरीतल्या बाजेवरून घनश्यामला अंगणातलं कापड जेवणाच्या ताटाची कड दिसावी तेवढंच दिसे. तो अंदाजाने काहीतरी सांगे, ती अंदाजाने काहीतरी करी. पहिल्या वर्षी निभावलं. दुसऱ्या वर्षी, म्हणजे ती रंगात बसली त्या वर्षी, महाल कलला. अंगणात कळलं नाही. कोहमाऱ्याजवळच्या एका गावात पडदा वर चढला, राजा ऐटीत सिंहासनाकडे निघाला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "राजा, हळू बस बाप्पा, महाल पडते!" तिथून पुढे त्या नाटकात रडण्याच्या जागी कोणी रडलं नाही.

हे सगळं उदारामने श्रावणात, धानाची रोवणी आटोपल्यावर, ओसरीत बसून पुन्हा एकदा सांगितलं. शामकलाने त्याला चहा दिला. त्याने तो बशीत ओतला.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला. "यंदा पडदे छापाचे करून राहिलो. वडशात मशीन आली."

"पडदाही छापून येते का?"

"कापडावरच येते. कॉम्प्युटरमधून चित्र द्या न् दुसऱ्या रोजी पडदा घेऊन जा. वास नाही, वाळवणं नाही, घडी घालून पेटीत टाका."

बाजेवरून घनश्यामने जड जिभेने विचारलं, "चित्र कोणाचं?"

"मशीनवाल्याजवळ तयार असतात ना भाऊ. महालावर महाल पडले आहेत त्याच्याकडं."

"समोर उंट असन."

उदाराम ओशाळला. "एका महालासमोर आहे खरा उंट. पण तो म्हणते पुसून देतो."

"इकडच्या राजाच्या दारात उंट," घनश्याम भिंतीकडे बघत म्हणाला. "रेडा तरी बांधायचा."

उदाराम हसला, पण लगेच गंभीर झाला. या दोघांना दुखवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, हे शामकलाला दिसत होतं. तो म्हणाला, "आइका वहिनी. मशीनवाल्याचा भाचा टॅबवर चित्र काढते. पेनानं काढते, न् ते सरळ मशीनमध्ये जाते. तुम्ही तसं काढून द्या, मी तुमचंच घेतो. पोळ्यापर्यंत एक महाल पाठवा. पण सरळ पाहिजे. लोक माझ्या राजाकडं पाहत नाहीत, महाल कवा पडते त्याची वाट पाहतात."

तो गेल्यावर शामकलाने त्याची कपबशी उचलली. गोष्ट एका पडद्याची नव्हती. त्यांचा मुलगा उमेंद्र रायपूरला कारखान्यात होता. "माय, पुरे झालं आता, इकडं या," असं तो दर फोनला म्हणे, आणि पोरगं मनापासून म्हणत होतं. पडद्यांचं काम सुटलं तर पोळ्यानंतर दोघंही येऊ, असं शामकलाने त्याला कबूल करून टाकलं होतं. उमेंद्रचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद. घनश्यामला एकदा उचलून वर नेलं, की खाली आणायला कोणाला वेळ मिळणार? इथे तो ओसरीत बसे आणि रस्त्याने जाणारा-येणारा "काय जी पेंटर!" म्हणून हाक मारी. तेवढ्यावर त्याचा दिवस जाई. रायपूरला त्याला कोण पेंटर म्हणणार होतं? रायपूरचा विषय निघाला की तो कूस बदले. त्या निकामी अंगाने कूस बदलायलाही त्याला केवढे कष्ट पडत, ते शामकला बघत असे.

तिने फोनवर उमेंद्रला विचारलं, की टॅब घ्यायचा तर कोणता घ्यावा.

"घेऊ नको हेच सांगीन," तो म्हणाला. "पण घ्यायचाच असन तं स्क्रीनवाला घे. बिनस्क्रीनची एक पाटी येते, ती नको घेऊ. ती कॉम्प्युटरवाल्यांची असते. लोक फसतात."

"स्क्रीनवाला," शामकलाने पुन्हा म्हणून बघितलं, म्हणजे विसरणार नाही.

धुरपताबाईला घनश्यामजवळ बसवून ती निघाली. अर्जुनीपर्यंत बस, पुढे गोंदियापर्यंत रेल्वे. डब्यात खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघायचं सुचलं नाही. डोळे मिटून ती गुडघे दाबत बसली. गोंदियाच्या बाजारात कोणी इकडे बोट दाखवी, कोणी तिकडे. असं करत करत ती हेमेंद्र नावाच्या एका तरुण दुकानदाराच्या काउंटरपुढे येऊन उभी राहिली.

"बच्चे के लिए चाहिए, आंटी?"

"नाही. माझ्यासाठी."

"अच्छा. फिल्म वगैरा देखने के लिए?"

"महाल काढायचा आहे."

हेमेंद्रने पुढे काही विचारलं नाही. शहाणा होता. त्याने तिला स्टूल दिलं आणि सगळ्यांत आधी एक मोठा, पातळ, आरशासारखा टॅब पुढे ठेवला. त्याचा पेन त्याला आपोआप चिकटून बसे. शामकलाने एक खांब ओढला. रेघ अशी उतरली, जशी ओल्या भिंतीवर चुन्याची धार. तिने आणखी एक खांब ओढला, वर कमान टाकली, आणि मग किंमत विचारली. किंमत ऐकल्यावर तिने तो पेन, दुसऱ्याचं तान्हं बाळ परत द्यावं, तसा दोन्ही हातांनी परत दिला.

"ये देखो फिर," हेमेंद्र म्हणाला. "आपके बजट में यही चलता है. सब यही ले जाते हैं."

हा टॅब लहान आणि जाड होता. पेनच्या टोकाला रबराचा गोळा. शामकलाने खांब ओढला. रेघ सुरू झाली तेवढीच जाड शेवटपर्यंत, विजेच्या तारेसारखी. तिने जोर दिला, काही नाही. हात हलका केला, काही नाही. शिवाय पेन पुढे जाई आणि रेघ मागून रेंगाळत येई. तळवा जरा टेकला की तिथेही डाग उमटे.

"ही रेघ जाड-बारीक होत नाही का?"

"नहीं आंटी. इसमें इतना ही है."

"न् मागं मागं काऊन येते?"

"सस्ते में थोड़ा रुकता है. आदत हो जाएगी."

शामकलाने पुन्हा एकदा ओढून बघितलं. घरी घनश्यामच्या औषधाची वेळ होत आली असेल. परतीची गाडी होती. गुडघा ठणकत होता. उमेंद्रने स्क्रीनवाला सांगितलं होतं आणि हा स्क्रीनवाला होता. दमलेल्या माणसाला 'हो' म्हणणं फार सोपं जातं. 'बांधून द्या' हे शब्द तिच्या ओठांवर आलेही होते. पण त्या तारेसारख्या रेघेकडे तिची नजर पुन्हा गेली. अशा रेघांचा महाल नसता झाला, पिंजरा झाला असता.

"जाड-बारीक होणारी रेघ नाही का दुसऱ्या कशात? स्वस्तातली?"

हेमेंद्रने मान खाजवली. "है तो. पर मैं आपको दूँगा नहीं."

"कायले?"

"वापस आता है." त्याने खालच्या फळीवरून एक काळी पाटी काढली. तिच्यात काहीच दिसत नव्हतं. ना काच, ना चित्र. नुसती काळी, सपाट. "हाथ इस पे चलाओ, लकीर फोन में आती है. हाथ इधर, आँख उधर. लोगों का दिमाग घूम जाता है. दो दिन में लौटाते हैं और झगड़ा मुझसे करते हैं."

उमेंद्रने जिच्याबद्दल बजावलं होतं, ती हीच.

"लावून तं दाखवा," शामकला म्हणाली.

त्याने पाटीची वायर तिच्याच फोनला लावली, फोनमध्ये चित्र काढायचं काहीतरी उतरवून घेतलं आणि फोन काउंटरवरच्या खोक्याला टेकवून उभा केला. पाटी तिच्या मांडीवर दिली. शामकलाने पेन धरला आणि फोनकडे बघितलं. खांब ओढला. रेघ खाली बारीक निघाली, मध्ये भरली, वर जाऊन पुन्हा निमुळती झाली. ब्रशाची रेघ. मग खांबाला खांब, खांबावर कमान. हेमेंद्र बघत राहिला, कारण ती एकदाही मांडीकडे बघत नव्हती.

"पहले चलाया है क्या ये?"

"बांबूनं," शामकला म्हणाली.

ते त्याला समजलं नाही आणि समजावून सांगायचं त्राण तिला नव्हतं. बांबूने रंगवताना हात एका टोकाला असतो आणि रेघ दुसऱ्या टोकाला उमटते. हाताकडे कोण बघतं? हात इथे आणि रेघ तिथे, यात तिचं डोकं फिरण्यासारखं काहीच नव्हतं.

"एक बात बता देता हूँ," हेमेंद्र पाटी बांधता बांधता म्हणाला. "कॉम्प्युटर पे पूरी चलती है. फोन पे इसका बस ये एक पट्टा चलेगा. बाद में मत बोलना कि बताया नहीं."

"नाही बोलणार," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा घनश्याम उशीला टेकून वाट बघत होता. टॅब म्हणजे लहानसा टीव्ही असणार, अशी त्याने दिवसभर कल्पना करून ठेवली होती. खोक्यातून काळी पाटी निघाली तसा त्याचा चेहरा उतरला.

"सिलेट आणलीस?"

"तीच चांगली होती जी."

"यात महाल कुठं दिसते?"

"फोनात."

"मंग हे कायले?"

"हे हातासाठी."

"फसवलं तुले गोंदियावाल्यानं," घनश्याम म्हणाला आणि कूस बदलली. धुरपताबाईने पाटी उलटसुलट करून पाहिली, बोटाने वाजवली आणि निकाल दिला, "पापड लाटाले बरी हाय."

दुसऱ्या दिवसापासून शामकला कामाला लागली. सकाळी घनश्यामचं अंग पुसायचं, त्याला खाऊ घालायचं, पाय चोळायचे, मग भांडी, मग गाय, आणि दुपारी कुठे पाटी हातात यायची. खुर्चीवर बसून पाटी मांडीवर घ्यायची आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवायचा. पण दुकानात एक गोष्ट लक्षात आली नव्हती. तिथे तिने दोन-तीन खांब काढले होते, आणि खांब उभ्या फोनात मावतात. महाल मावत नाही. महाल आडवा असतो. म्हणून फोन आडवा केला, तर पेन वेड्यासारखा चालू लागला. उजवीकडे ओढावं तर रेघ वर जाई. वर न्यावी तर डावीकडे पळे. पुसून पुन्हा काढलं, तरी तेच. तांब्यावरून फोन घसरे. फोन सावरायला वाकलं, की मांडीवरची पाटी घसरे. डोळे चुरचुरत. एक दिवस असा गेला, दुसराही गेला. गावात बैलांच्या झुली आणि घुंगरमाळा झटकून उन्हात पडू लागल्या होत्या. पोळा तोंडावर आला होता आणि तिच्या फोनात एकही धड भिंत नव्हती.

तिसऱ्या दुपारी फोन तांब्यासकट पडला. पाणी ओसरीभर झालं. शामकलाने फोन पदराने पुसला, पाटी भिंतीशी ठेवली आणि त्या ओल्यातच बाजेच्या कडेला बसली.

"आता रायपूरले जाऊ जी," ती म्हणाली. "मले नाही होत."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. रडू असतं तर घनश्यामने काहीतरी समजूत घातली असती. हा नुसता थकलेला आवाज होता. त्याने भिंतीशी ठेवलेल्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाला, "काय होऊन राहिलं, ते दाखव तं एकदा."

"काय दाखवू? इकडं ओढली तं तिकडं जाते."

"दाखव ना व."

तिने वायर लावली, आडवा फोन त्याच्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने पाटीवर पेन उजवीकडे ओढला. फोनात रेघ सरळ वर चढली.

घनश्यामने ती बघितली. पुन्हा ओढायला सांगितलं. पुन्हा बघितली. त्याचं अर्धं तोंड जरा हललं.

"वाटणीत अंगण अर्धं झालं, तवा काय केलं होतं आपण?"

शामकलाला आठवलं. धाकट्या दिराने मध्ये भिंत घातली आणि कापड आडवं मावेना. मग त्यांनी ते अंगणाच्या लांबीने पसरलं. पडदा आडवा असूनही कापड उभं. घनश्यामने बाजूला उभं राहून महाल निजवून रंगवला.

"कापड फिरवलं," ती म्हणाली.

"न् तू?"

"मी शिडी फिरवली. तिकडच्या भिंतीले लावली."

"मंग?"

शामकला त्याच्याकडे बघत राहिली.

"फोन फिरवला तू," तो म्हणाला. "सिलेट तशीच ठेवली. फिरव तिले."

तिने पाटी मांडीवर उभी फिरवली. पेन उजवीकडे ओढला. रेघ उजवीकडे गेली.

"हट्!" शामकला म्हणाली. एवढ्याशा गोष्टीसाठी तीन दुपारी गेल्या होत्या. तिला आनंद झाला की चीड आली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

फोन परत तांब्याला टेकवायला ती उठू लागली, तेवढ्यात घनश्यामने डावा हात पुढे केला. "आण इकडं."

"हात दुखन तुमचा."

"एक तं मेला हाय. दुसऱ्याले काम नको का?"

त्याने फोन डाव्या हातात घेतला आणि छातीवर टेकवून डोळ्यांसमोर धरला. शामकला बाजेच्या बाजूला खुर्चीवर बसली. आता फोन तिला नीट दिसत नव्हता, नुसती कड आणि थोडा उजेड. तिने अंदाजाने जोत्याची रेघ सुरू केली.

"थांब," घनश्याम म्हणाला.

ती थांबली.

"चढून राहिली. उतरव."

तिने हात उतरवला.

"बस. आता सोड सरळ."

शामकलाने रेघ सरळ सोडली. हात चालू होता, आणि शेजारून तो जड, अडखळणारा आवाज येत होता: डावीकडं, अजून, बस. मध्येच घनश्यामने फोन जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. लकवा झाल्यापासून त्याने पहिल्यांदाच एखादा महाल पुरा, कडेपासून कडेपर्यंत बघितला होता.  बोलला ते एवढंच, की दुसरा खांब पहिल्यापेक्षा लठ्ठ झाला आहे.

"होऊ द्या. कमरेत लठ्ठ झाली मी, तं खांबाले काय होते?"

"राजा पाहते. पूस."

तिने पुसला. पाटीचा एक पट्टाच चाले, त्यामुळे खांद्यापासून हात फिरवायची तिची सवय सतत बाहेर जाई आणि घनश्यामचा आवाज तिला आत ओढून आणी. तिसऱ्यांदा कमान पुसायला लावली तेव्हा ती वैतागली.

"मी शिडीवरून एवढी वरडत नव्हती."

"तू जास्त वरडत होतीस. सारं गाव आइके."

"मंग आता फेडून राहिले का?"

"मंग!" घनश्याम म्हणाला.

काही दुपारी अशाच गेल्या. जोतं उभं राहिलं, खांब उभे राहिले, मग सज्जा. दुसऱ्या मजल्यावर शामकलाचा हात आपसूक थबकला. पण तिथे बसायला खुर्ची होती, ओला रंग नव्हता. रंग भरताना घनश्यामने पिवळा जास्त टाकायला लावला, कारण मंडईतल्या दिव्यांखाली पिवळा उडतो, हे मशीनवाल्याच्या भाच्याला कोण सांगणार? शेवटी तो म्हणाला, "बाजूले एक उंट काढू का? उदारामले बरं वाटन."

"तुम्हाले काढाचा असन तं काढा," ती म्हणाली. उंट काढायचा राहूनच गेला. खालच्या कोपऱ्यात तिने नेहमीसारखं 'घनश्याम पेंटर, केशोरी' लिहिलं. पेनने लिहिलेलं ते अक्षर तिच्या मनासारखं आलं नाही, पण पुन्हा लिहिण्याइतकी ताकद राहिली नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने महाल उदारामला पाठवून दिला.

पोळा झाला. उदारामचा फोन नाही.  शामकलाने खुंटीवरची प्रवासाची जुनी पिशवी काढली, झटकली आणि पुन्हा तिथेच अडकवली. घनश्यामने ते बघितलं आणि नजर फिरवली.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आळीतली लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. शामकला त्यांच्या हातावर खाऊ ठेवत होती, तेव्हा आत फोन वाजला. ती पोचेपर्यंत घनश्यामने डाव्या हाताने तो उचलून कानाला लावला होता.

"हं," तो म्हणाला. मग पुन्हा "हं." मग त्याने फोन तिच्याकडे दिला.

"सरळ हाय, वहिनी," उदाराम म्हणत होता. "एकदम सरळ. मले वाटलं मशीनवाल्यानं सरळ केला, तं तो म्हणते मी हातच नाही लावला. महाल घेऊन राहिलो. जंगलही तुमचंच घेईन. झोपडी न् देवळाचा पडदा मात्र त्याच्याकडचा घेतला, ते छापूनही झाले. पुढच्या साली पाहू."

"बरं," शामकला म्हणाली. चारातले दोन. पूर्वी चारही जात होते. पण दोन होते.

संध्याकाळी तिने उमेंद्रला फोन केला. "यंदा नाही येत बाबू," ती म्हणाली. त्याने विचारलं, "टॅब स्क्रीनवालाच घेतला ना?" शामकलाने हो म्हणून टाकलं. सगळं सांगत बसायचं तर रात्र झाली असती.

फोन ठेवून तिने ओसरीत सतरंजी टाकली आणि पाठ टेकली. तिला काही नको होतं. फक्त थोडा वेळ कोणी हाक मारू नये, एवढंच हवं होतं.

"जंगल कवा सुरू करतेस?" घनश्यामने विचारलं.

"उद्या."

"उद्या काऊन? जंगल सोपं राहते. झाडं वाकडी असली तरी चालते."

"वाकडी चालते तं मंग तुम्हीच काढा," शामकला म्हणाली. ती चिडून म्हणाली, आणि चिडूनच हात लांब करून पाटी बाजेवर सरकवली, पेन त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. वायर तिच्या फोनपर्यंत येत होतीच.

घनश्यामने पेन कसा धरावा, याचा बराच वेळ विचार केला. मग मुठीत धरला, चमच्यासारखा. शामकलाने पडल्या पडल्या फोन तोंडासमोर धरला, तो तरी कशाला धरला हे तिलाही ठाऊक नव्हतं. फोनच्या चौकटीत काहीच नव्हतं. मग खालून एक रेघ निघाली. थरथरत वर आली, थांबली, भलतीकडे वळली, पुन्हा वर निघाली.

तिचे डोळे मिटत होते. तिने ते उघडे ठेवले.

"डावीकडं घ्या," ती म्हणाली. "अजून. बस... आता फांदी सोडा."